तेवीस हिसके

गेल्या वर्षी नरकचतुर्दशीच्या आदल्या दिवशी, दुपारी, मी मशीन खळ्यात आणून ठेवलं. उजव्या पायाचा चवडा मागच्या मुठीत रोवला, डाव्या हाताने पुढची मूठ जमिनीशी दाबून धरली आणि दोरी ओढली. काही नाही. पुन्हा ओढली. दहाव्या हिसक्याला शर्ट काढून ठेवला, पंधराव्याला पायरीवर टेकलो, तेविसाव्याला मशीन एकदाच खोकलं, निळसर धुराची पिचकारी सोडली आणि मान टाकली. पडवीत कारिटं मोजत बसलेली आमची ही म्हणाली, "राहू द्या आता. खांदा निखळला तर अभ्यंगस्नान बाजूलाच राहील."

घरात गीझर आहे, हे आधीच सांगून टाकतो. पण चावदिसाच्या, म्हणजे नरकचतुर्दशीच्या, पहाटे न्हाणीतल्या चुलीवर तांब्याचा हंडा चढला नाही तर आमच्या घरात दिवाळी सुरू झाली असं कोणालाच वाटत नाही. लाकडंही होती. पडवीच्या टोकाला आकेशियाचे चार-चार फुटी ओंडके पत्र्याखाली नीट रचलेले होते. फक्त न्हाणीच्या चुलीत दीड फुटापेक्षा लांब लाकूड शिरत नाही. शेवटी शेजारच्या काकांची हातकरवत मागून आणली आणि सहा ओंडके कापले. तासभर गेला. घाम आला, पण पाणी तापण्यापुरती सोय झाली.

करवत परत न्यायला काका स्वतःच आले. वय अठ्ठ्याहत्तर. नोकरीची सारी वर्षं त्यांनी लुनावर काढली. त्यांनी मशीनचा प्लग खोलला, टाकीचं झाकण काढून नाक खाली नेलं आणि लगेच वर घेतलं. "गुरुजी, हे पेट्रोल नव्हे, काढा आहे. कधीचं?" मी म्हटलं, "मे महिन्यातलं." त्यांनी प्लग माझ्या तळहातावर ठेवला, करवत काखेत मारली आणि घरी गेले.

त्यानंतर वर्षभर मी या मशीनमागे लागलो. खेडच्या बाजारातलं दुरुस्तीचं दुकान, श्रीवर्धनची एक वाडी, दोन कटरवाले आणि आमच्याच वाडीतली चार घरं, एवढा माझा प्रवास. निवृत्त शिक्षकाला वेळ असतो.

पुस्तकातलं नाव चेनसॉ. आमच्या दापोली तालुक्यात ते कोणी वापरत नाही. मशीनही 'कटर' आणि ते चालवणारा माणूसही 'कटर'. 'उद्या कटर येतोय' म्हटलं की दोन्ही येणार असं समजायचं. पंधरा-वीस वर्षांपूर्वी हे यंत्र लाकडाच्या ठेकेदाराकडेच दिसायचं. घराघरांत ते शिरलं ते वादळानंतर.

३ जून २०२०. टाळेबंदी चालू होती, मुंबईची माणसं गावात अडकलेली होती, आणि दुपारी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर चढलं. ताशी शंभर किलोमीटरच्या वरचा वारा. श्रीवर्धन, मुरूड, म्हसळा, मंडणगड, दापोली या पट्ट्यात संध्याकाळपर्यंत रस्ता नावाची गोष्ट उरली नव्हती. आमच्या वाडीतून मुख्य रस्त्यापर्यंतचं अंतर पाऊण किलोमीटर. त्यात मोठी चौदा झाडं आडवी. कोयते, कुऱ्हाडी, एक दोनमाणशी करवत, एवढ्यावर आम्ही दीड दिवसात तीन झाडं हलवली. तिसऱ्या दिवशी आपत्ती दलाच्या जवानांनी मशीनं आणली आणि उरलेली अकरा झाडं दुपारच्या जेवणापर्यंत बाजूला केली. खळ्याखळ्यात उभं राहून सगळ्यांनी ते पाहिलं. त्या दिवशीच वाडीतल्या निम्म्या पुरुषांच्या मनात मशीन विकत घेऊन झालं होतं. पुढच्या मे महिन्यात तौक्ते किनाऱ्याला घासून गेलं, आणि ज्यांचा विचार डळमळत होता त्यांचाही पक्का झाला.

मीही घेतलं. बाजारात सहा-सात हजारांपासून चिनी बनावटीची मशीनं मिळतात, अठ्ठावन्न सीसी असं अंगावर मोठ्या अक्षरांत छापलेली. नावाजलेल्या कंपनीचं त्याच ताकदीचं मशीन घ्यायचं तर तीस-चाळीस हजारांच्या घरात जावं लागतं. मी स्वस्तातलं घेतलं. दुकानदाराने ते दुकानात दुसऱ्या हिसक्याला सुरू करून दाखवलं. दुकानात सगळीच मशीनं दुसऱ्या हिसक्याला सुरू होतात.

लुना किंवा बजाज चेतक चालवलेल्या माणसाला या यंत्राची अर्धी ओळख आधीच असते. गाडीचं आणि मशीनचं, दोन्हींचं इंजिन टू-स्ट्रोक. त्याला वेगळी तेलाची टाकी नाही. पेट्रोलमध्येच तेल मिसळायचं आणि आत फिरणाऱ्या सगळ्या भागांनी त्यावरच निभावायचं. पंपावर जाऊन 'ऑइल टाकून द्या' म्हणायची सवय असलेली एक अख्खी पिढी महाराष्ट्रात होती. लुना तर नगरच्या कारखान्यातली, १९७२ सालची. चेतक सुरू होईना की ती एका अंगावर झुकवायची, पुन्हा उभी करायची आणि किक मारायची; प्लग काढून पॉलिश पेपरने घासायचा, फुंकर मारायची, परत बसवायचा. हे कोणी शिकवलं नव्हतं, पण सगळ्यांना येत होतं. पुढे फोर-स्ट्रोक गाड्या आल्या, बटण आलं, आणि ते सगळं हातातून निघून गेलं. आज पंचविशीतला मुलगा मशीनची दोरी ओढतो तेव्हा त्याच्याकडे ताकद माझ्या दुप्पट असते. कान मात्र नसतो.

कान लागतो तो कशाला, ते सांगतो.

थंड मशीन सुरू करताना आधी चेनचा ब्रेक पुढे ढकलायचा. मग स्विच चालू. छोटा रबरी फुगा असेल तर तो पाच-सहा वेळा दाबायचा, म्हणजे पेट्रोल कार्बोरेटरपर्यंत येतं. चोक पूर्ण ओढायचा. मशीन जमिनीवर, पाय मागच्या मुठीत. दोरी आधी सावकाश ओढायची. आत कुठेतरी अडल्यासारखं लागतं, तिथून जोराचा हिसका. दोरी पार शेवटापर्यंत ताणायची नाही आणि हातातून सोडूनही द्यायची नाही, हातानेच परत आत जाऊ द्यायची. दोन-तीन हिसक्यांत एक आवाज येतो. 'फट्.' पुरता आवाजही नाही तो, मशीन नुसतं घसा साफ करतं. तो ऐकू आला की त्याच क्षणी चोक अर्ध्यावर आणायचा. पुढच्या एक-दोन हिसक्यांत मशीन चालू होतं, बोटाने एकदा ट्रिगर टिचकला की त्याची धाप शांत होते, आणि मग ब्रेक सोडायचा.

नवशिका तो 'फट्' ऐकत नाही. किंवा ऐकतो आणि खूश होऊन चोक तसाच ठेवून आणखी जोरात ओढतो. आत हवेपेक्षा पेट्रोल जास्त होतं, प्लग भिजतो, आणि त्यानंतर भीमाने ओढलं तरी ठिणगी पडत नाही. मग प्लग काढा, चोक बंद करा, मशीन उपडं धरून दहा वेळा दोरी ओढा, प्लग पुसून वाळवा. गेल्या दिवाळीत माझे निदान बारा हिसके या एका चुकीत गेले असणार. बाकीचे अकरा पेट्रोलच्या खात्यावर.

खेडच्या दुकानात छताला आडवे बांबू बांधलेत आणि त्यांना मशीनं टांगलेली आहेत. प्रत्येकाला सुतळीने पुठ्ठ्याचा तुकडा, त्यावर गावाचं नाव. मी गेलो तेव्हा ऑक्टोबर संपत आला होता, पाऊस नुकताच उघडला होता आणि दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. भातं कापून झाली की लोकांना मशीनची आठवण येते, आणि मशीन तर जूनपासून कोपऱ्यात पडलेलं असतं. मेकॅनिक वयाने माझ्या विद्यार्थ्यांएवढा. माझं मशीन हातात घेऊन तो म्हणाला, "गुरुजी, मशीन बिघडत नाही हो. पेट्रोल बिघडतं."

त्याने कार्बोरेटर उघडून आतला पडदा दाखवला. दहा रुपयांच्या नाण्याएवढी काळी, पातळ चकती. मोटरसायकलच्या कार्बोरेटरमध्ये पेट्रोलची एक वाटी असते आणि तिच्यात तरंगणारा फ्लोट. मशीन कधी आडवं, कधी उलटं धरावं लागतं, तिथे वाटी चालत नाही. म्हणून हा पडदा. इंजिनच्या प्रत्येक श्वासागणिक तो आतबाहेर हलतो आणि लागेल तेवढंच पेट्रोल आत सोडतो. नवा असताना तो सायीसारखा मऊ असतो. माझा त्याने चिमटीत धरून वाकवला, तर तळलेल्या पापडासारखा कडकन मोडला.

कारण आपल्या पेट्रोलमध्ये आता इथेनॉल आहे. २०२२ पर्यंत दहा टक्के आणि २०२५ पर्यंत वीस टक्के, असं सरकारचं धोरण होतं आणि ते अमलातही आलं. रोज धावणाऱ्या गाडीची टाकी आठवड्यात रिकामी होते, तिच्यात पेट्रोल शिळं व्हायला सवड मिळत नाही. मशीनच्या टाकीत मात्र ते चार-चार महिने पडून राहतं, आणि इथेनॉल हवेतलं पाणी शोषून घेतं. कोकणच्या पावसाळ्यात हवेत पाण्याखेरीज असतं काय? पुरेसं पाणी शोषलं की इथेनॉल पाण्यासकट पेट्रोलपासून फुटून तळाला बसतं. आणि इथे यंत्राची हुशारीच त्याच्यावर उलटते. टाकीतल्या नळीच्या टोकाला एक वजनदार फिल्टर असतो, मशीन कसंही धरलं तरी तळाशी जाणारा, म्हणजे शेवटचा थेंबही वाया जाऊ नये. तो नेमका त्या तळच्या गढूळ पाण्यात जाऊन बसतो. तेल वरच्या पेट्रोलमध्ये राहिलेलं असतं. मशीन चुकून सुरू झालंच, तर बिनतेलाचं चालतं आणि पिस्टन चिकटतो. म्हणजे माझं सुरू झालं नाही हे बरंच झालं. घाटावर ऊस पिकतो आणि त्याची नशा आमच्या मशीनला चढते, असं मी म्हटलं तेव्हा मेकॅनिक हसला. पण बिल कमी केलं नाही.

त्याचे नियम सोपे आहेत. पेट्रोल लागेल तेवढंच, लिटर-अर्धा लिटर आणायचं, महिन्याच्या आत संपवायचं. चांगलं टू-टी ऑइल, कंपनीने सांगितलेल्या मापाने: नावाजलेल्या मशीनांना बहुधा लिटरमागे वीस मिली, स्वस्तातल्यांना चाळीस. अंदाजाने ओतायचं नाही. आणि मशीन ठेवून द्यायचं असेल तेव्हा टाकी रिकामी करून ते पुन्हा सुरू करायचं, आपोआप बंद पडेपर्यंत चालू द्यायचं, म्हणजे कार्बोरेटरही कोरडा होतो. हे शेवटचं कोणी करत नाही. मृगाचा पहिला पाऊस आला की माणसं लाकडं झाकायला धावतात, मशीनची टाकी कोण बघतो!

या यंत्राचा जन्म लाकडासाठी झालेला नाही, हे वाचून मी चाट पडलो होतो. अठराव्या शतकाच्या अखेरीस स्कॉटलंडमधल्या जॉन एटकेन आणि जेम्स जेफ्रे या दोन डॉक्टरांनी हाड कापायला दातेरी साखळी वापरली, हाताने मागेपुढे ओढायची. अडलेल्या बाळंतिणीच्या कटिभागाचा सांधा मोकळा करण्याचं काम तिच्याकडे होतं. अंगावर काटा येतो, पण तसं आहे. लाकडासाठी यंत्रावर चालणाऱ्या साखळीचे सुरुवातीचे नमुने जर्मनीतले: आंद्रेआस श्टील यांचं विजेवरचं मशीन १९२६ मधलं, एमिल लेर्प यांचं पेट्रोलवरचं १९२७ मधलं. दोन्ही जडशीळ, दोन माणसांनी दोन टोकांना धरायची.

माझा जीव रमला तो मात्र १९४६ च्या गोष्टीत. अमेरिकेतल्या ऑरेगनमध्ये जो कॉक्स नावाचा लाकूडतोड्या सरपण फोडत होता. समोरच्या खोडात भुंगेऱ्याची जाडजूड अळी लाकूड पोखरताना त्याला दिसली. तेव्हाच्या चेनचे दात हातकरवतीसारखे सरळ असत, लाकडाला ओरबाडत जायचे, सारखे बोथट व्हायचे. अळी मात्र उभ्या-आडव्या कुठल्याही रेषेत लाकूड खात चालली होती. कॉक्सने तिचे जबडे निरखले. इंग्रजी सी अक्षरासारखे वाकलेले, डावीकडून एक घास, उजवीकडून एक घास. त्यावरून त्याने दाताची नवी घडण केली, एक दात डावा, एक उजवा, दोन्ही वळलेले, आणि १९४७ पासून ती चेन विकायला लागला. आज जगभरच्या मशीनवर धावणारी चेन त्याच वंशातली आहे.

कोकणातल्या बागायतदाराला या अळीची ओळख करून द्यायला नको. काजूच्या बुंध्यात शिरून झाड आतून पोकळ करणारा रोठा आणि आंब्याला लागणारा भिरूड, दोन्ही त्याच लांब मिशांच्या भुंगेऱ्यांच्या कुळातले. बुंध्याशी भुश्याची रांगोळी दिसली, डिंक ओघळला, की समजायचं. दोन वर्षांत काजू वाळतो, आणि वाळला की त्याचं सरपण होतं. म्हणजे रोठ्याने मारलेलं झाड आम्ही रोठ्याच्या चुलत भावंडाकडून शिकलेल्या दातांनी कापतो. माझ्या बागेतली गेल्या चार वर्षांची जवळजवळ सगळी लाकडं या हिशेबातली आहेत.

ते दात आता जरा जवळून पाहू. माझ्या अठरा इंची पट्टीवरच्या चेनला छत्तीस दात, अठरा डावे, अठरा उजवे. चेन धारदार असली की मशीन लाकडात स्वतःच्या वजनाने उतरतं आणि खाली जाड, चौकोनी ढलप्या पडतात. बोथट झाली की ढलप्यांऐवजी पीठ पडतं. मैद्यासारखं पीठ दिसलं की थांबायचं. पण माणूस थांबत नाही, जोर लावतो. पट्टी तापते, धूर येतो, आणि माणसाला वाटतं मशीनची ताकद कमी आहे, मोठं घ्यायला हवं होतं. गोल कानस घ्यायची, दाताच्या कोनात आडवी धरायची, आतून बाहेर तीन झोके. मागे आणताना घासायची नाही. सगळे डावे झाले की मशीन फिरवून सगळे उजवे. एका बाजूला तीनऐवजी पाच झोके गेले की काप सरळ न जाता एका अंगाला वळतो. माझे ओंडके दोन वर्षं केळ्यासारखे कापले जात होते त्याचं हे कारण. आणि आमच्याकडे जांभा आहे. ओंडका जमिनीवर ठेवून कापताना चेन खाली टेकली, तर टेकली तेवढ्या क्षणात छत्तीसच्या छत्तीस दात जातात. ओंडक्याखाली आधी दोन आडवी लाकडं घालायची, हे मी तीन चेनी फुकट घालवून शिकलो.

चेनला तेल वेगळं लागतं. लोक गॅरेजमधलं जळकं ऑइल घालतात. ते फुकट मिळतं आणि त्यात धातूचा कीस असतो. पट्टी लवकर झिजते.

श्रीवर्धनला गेलो तो सुपारीसाठी. तिथली रोठा सुपारी प्रसिद्ध. काजूचा रोठा वेगळा, हा वेगळा, नावं सारखी. निसर्ग वादळात इथल्या बागा ओळीने आडव्या झाल्या. ज्यांच्या वाडीत बसलो होतो त्या बागायतदारांनी वादळानंतर मुंबईच्या भाच्याकडून मशीन मागवलं होतं. "पहिल्या पोफळीलाच चेन अडकली," ते म्हणाले. माड-पोफळीचं खोड म्हणजे लाकूड नव्हे, दोऱ्यांचा जुडगा. बाहेरून दगड, आतून काथ्या. दोरे चेनबरोबर आत ओढले जातात आणि चक्राभोवती गुंडाळतात. प्रत्येक तिसऱ्या खोडाला मशीन उघडून साफ करावं लागत होतं. एवढं करून पोफळीचं सरपण भसकन जळतं आणि विझतं. चिरून पन्हळ करायला ती चांगली, चुलीला नाही. त्यापेक्षा भयंकर गोष्ट त्यांनी पुढे सांगितली. उन्मळून पडलेल्या माडाचं खोड मुळाजवळ कापलं की वरचं वजन जातं, आणि उपटलेला मुळांचा गड्डा खाडकन पुन्हा उभा राहतो. तिथे माणूस उभा असेल तर? त्यांच्या वाडीत एक कुत्रं होतं तिथे. ते पुढे काही बोलले नाहीत.

पडलेलं झाड गप्प दिसतं, पण त्याच्या अंगात ताण भरलेला असतो. कुठली बाजू दाबलेली आणि कुठली ताणलेली हे ओळखून आधी दाबलेल्या बाजूने थोडं, मग ताणलेल्या बाजूने कापायचं; नाहीतर पट्टी फटीत आवळली जाते किंवा फांदी तोंडावर येते. दुसरा धोका पट्टीच्या टोकाचा. टोकाचा वरचा कोपरा कशाला लागला तर चेन लाकडात न शिरता अख्खं मशीन उलटून माणसाकडे फेकते, पापणी लवायच्या आत. पुढचा ब्रेक आहे तो त्यासाठी. स्वस्तातल्या मशीनचा ब्रेक महिन्याभरात भुश्याने भरतो आणि शोभेपुरता उरतो. शेजारच्या गावातल्या एका तरुणाची नडगी अशीच फाटली. वर्ष झालं, अजून लंगडतो. चेनपासून वाचवणाऱ्या विजारी मिळतात, त्यांच्या आतले लांब धागे चेनला गुंडाळून तिला जागच्या जागी थांबवतात, पोफळीच्या दोऱ्यांसारखेच. आमचे कटर हाफ पँट आणि स्लिपरवर काम करतात. कानाला काही नाही, आणि आवाज शंभर डेसिबलच्या वर. दोघांपैकी एका कटरशी मी सगळी मुलाखत ओरडूनच घेतली. मशीन बंद असताना.

मशीनने लाकडाचं काम सोपं केलं, असं मी वाडीत एकदा बोलून गेलो. पलीकडच्या वहिनी सूप खाली ठेवून म्हणाल्या, "कापायचं सोपं झालं. डोंगरावरून खाली आणलं कोणी?" त्यांचं खरं आहे. माझी आई आणि त्यांच्या सासूबाई फाल्गुनापासून रोज सकाळी रानात जायच्या, वाळक्या फांद्या कोयत्याने तोडून मोळी बांधून डोक्यावर आणायच्या. मनगटापेक्षा जाड लाकूड त्या क्वचितच आणत, कारण ते तोडायला पुरुष लागायचा आणि पुरुष मुंबईला असायचा. झाड त्यामुळे उभं राहायचं. फक्त त्याच्या वाळक्या काड्या जायच्या. मशीन पुरुषाच्या हातात आलं आणि सरपण म्हणजे बुंधा झाला. कापणं दुपारभराचं. त्यानंतर ओंडके खाली वाहणं, कुऱ्हाडीने फोडणं, उन्हात घालणं, मृगाच्या आत रचून झाकणं हे सगळं पूर्वीसारखंच आहे, आणि पूर्वीच्याच हातांत आहे. ओलं लाकूड निम्म्या वजनाचं पाणीच असतं. ते वाहतं कोण हा प्रश्न मशीनच्या माहितीपत्रकात नाही.

बुंधा कापणं सोपं झाल्यावर कायद्याचीही आठवण ठेवायला हवी. महाराष्ट्राचा झाडतोड नियमनाचा कायदा १९६४ चा. साग, खैर, आंबा, फणस, ऐन, किंजळ अशी झाडं स्वतःच्या सातबाऱ्यावर असली तरी परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. रत्नागिरी जिल्ह्यात जंगल बहुतेक खाजगीच आहे, त्यामुळे हा कायदा इथे घरोघरी लागतो आणि घरोघरी मोडतो. फिलिपाइन्सने २००२ मध्ये वेगळी वाट धरली: झाडापेक्षा मशीनवरच नजर ठेवली, ते बाळगायला नोंदणी आणि परवाना सक्तीचा केला. आपल्याकडे तसं व्हावं असं मी म्हणणार नाही, परवान्यासाठी खेटे कोण घालणार ते मला ठाऊक आहे. पण घाटाकडे जाणारे लाकडाचे ट्रक रात्री मोजत बसलो की वाटतं, दोन दिवसांत एक टेकडी बोडकी करणारी वस्तू सात हजारांत आणि काही न विचारता मिळते, हे जरा जास्तच सोपं आहे.

आणि घरच्या सरपणापुरतं म्हणाल तर माझं मत झालेलं आहे. आमच्या घराला वर्षाचं सरपण कापायला मशीन दोन दिवस लागतं. फार तर तीन. वर्षातून दोन दिवस चालणारं हे यंत्र त्या दोन दिवशी सुरू होत नाही, एवढा त्याचा स्वभाव मला कळला आहे. कोयता दहा वर्षं आढ्याला अडकवून ठेवा, दगडावर घासलात की कामाला तयार. मशीनला सतत राबता लागतो. विजेवरचं घेतलं तर दोरीचा त्रास नाही, हे खरं. पण वादळानंतर पहिली जाते ती वीज, आणि वायर रानात पोचत नाही. बॅटरीची मशीनं चांगली आहेत असं ऐकतो, किंमत ऐकली की ऐकणं थांबवतो.

आमच्या वाडीत चार मशीनं होती आणि चारांपैकी कुठलंतरी एक नेहमी खेडच्या बांबूला टांगलेलं. गेल्या शिमग्याला चार घरं बसलो आणि ठरवलं: तीन विकायची, त्या पैशांत भर घालून एक बऱ्यापैकी ठेवायचं, वाडीतल्या एकाच मुलाने ते चालवायचं, लाकडाच्या मापावर त्याला मजुरी द्यायची, आणि त्यातूनच जाड विजार, बूट आणि कानाची टोपणं घ्यायची. तो मुलगा माझ्याच शाळेत होता. गणित कच्चं. तेलाचं माप मात्र इंजेक्शनच्या सिरिंजने घेतो.

यंदा खंडेनवमीला कोयते, कुऱ्हाड, पहार मांडली तेव्हा तो मशीनही घेऊन आला. पुसून लख्ख केलेलं. हिने त्याला हळदकुंकू लावलं, झेंडूची माळ घातली. दुसऱ्या दिवशी माळ काढून त्याने पाव लिटर ताजं पेट्रोल भरलं आणि पाय मुठीत रोवला. पाचव्या हिसक्याला चालू झालं. पाच जास्त झाले असं त्याचं म्हणणं पडलं, प्लग बदलायला हवा म्हणाला. दुपारपर्यंत वाळक्या काजूचे दीड-दीड फुटी तुकडे पडवीत रचून झाले होते, दिवाळी पुरून तुळशीच्या लग्नापर्यंत जातील एवढे.

तुमच्याही घरात जूनपासून कोपऱ्यात मशीन असेल, तर या दिवाळीत दोरीला हात लावण्याआधी टाकीचं झाकण उघडून एकदा वास घ्या. रॉकेल-वार्निशसारखी आंबूस झाक आली तर ते पेट्रोल सगळं काढून टाका. झाडाच्या मुळाशी किंवा विहिरीजवळ ओतू नका, जवळच्या गॅरेजवाल्याकडे द्या.